वीस पाउंड भरले, अडीच पाउंडचा गॅस मिळाला: एका प्रीपेमेंट मीटरची पूर्ण केस

केस आधी थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये मिडलँड्सच्या एका शहरात भाड्याचं छोटं टेरेस घर (एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं), नवरा-बायको आणि दहा महिन्यांची मुलगी, मूळचे नाशिक जिल्ह्यातले. ती केअर होममध्ये कामाला, २०२३ मध्ये हेल्थ अँड केअर व्हिसावर आलेली, तो डिपेंडंट म्हणून आलेला आणि एजन्सीमार्फत वेअरहाऊसमध्ये नाइट करायचा, पण शिफ्ट कधी आठवड्यात पाच तर कधी दोनच. या घरात ते ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफ्ट झाले आणि माझ्यापर्यंत पोचले जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे ऐन थंडीत. मी इथल्या एका स्थानिक सल्ला केंद्रात व्हॉलंटियर आहे, वीज-गॅसच्या बिलांचं बघते. त्यांना विचारूनच लिहितेय, नावं देत नाहीये आणि ओळख पटेल असं एक-दोन ठिकाणी बदललंय.

त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, "काकू, गॅसला वीस पाउंड भरले तरी दुसऱ्या दिवशी हीटिंग बंद, मीटर खराब आहे का?" आणि सोबत दुसरा प्रश्न, "सरकारकडून हीटिंगची काही मदत मिळते म्हणतात, ती आम्हाला मिळेल का?"

मीटर खराब नव्हता. आणि मदतीचं उत्तर बऱ्यापैकी "नाही" असं होतं. तरीही केस सुटली, बरीचशी तरी, आणि कशी सुटली ते नीट लिहावंसं वाटलं कारण आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर दर हिवाळ्यात हाच प्रश्न येतो आणि खाली वीस जण वेगवेगळ्या स्कीमच्या लिंका टाकतात, मीटरकडे मात्र कोणी बघतच नाही.

मीटर म्हणजे नेमकं काय होतं

भारतातून नवीन आलेल्यांसाठी आधी हे. इथे गॅस पाइपने येतो आणि बहुतेक घरांत बॉयलर गॅसवर चालतो, तोच रेडिएटर गरम करतो आणि तोच नळाला गरम पाणी देतो. म्हणजे गॅस संपला की घर थंड आणि अंघोळही थंड. प्रीपेमेंट मीटरवर आधी पैसे भरायचे मग वापरायचं, जुन्या मीटरला विजेसाठी प्लास्टिकची की असते आणि गॅससाठी कार्ड, ते घेऊन पेपॉइंटचं दुकान किंवा पोस्ट ऑफिस गाठायचं, तिथे पैसे भरायचे, घरी येऊन मीटरमध्ये घालायचं. असे मीटर ब्रिटनमध्ये चाळीस लाखांच्या आसपास घरांत आहेत आणि त्यातली बरीच भाड्याची, कमी उत्पन्नाची.

आपल्याला हे मोबाईलच्या रिचार्जसारखं वाटतं आणि तिथेच गफलत होते. मोबाईलचा रिचार्ज संपला तर फोन बंद, पण मागे कर्ज चढत नाही. इथे मीटर बंद असला तरी स्टँडिंग चार्ज रोज चढत राहतो, गॅस वापरा नाहीतर नका वापरू. त्या हिवाळ्यात गॅसचा दिवसाला साधारण ३१-३२ पेन्स होता आणि विजेचा ६० च्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून नव्वदेक पेन्स नुसते घरात मीटर आहे म्हणून. त्यावर इमर्जन्सी क्रेडिट, ते क्रेडिट म्हणजे कंपनीने दिलेली उधारी, पुढच्या टॉपअपमधून आधी वळती होते. आणि मीटरवर कर्ज लावलेलं असेल तर त्याचा आठवड्याचा हप्ता वेगळा.

आता यांच्या त्या वीस पाउंडचं काय झालं ते बघा. डिसेंबरच्या मध्यात गॅस संपला, इमर्जन्सीचे पाच पाउंड पण संपले, हातात पैसे नव्हते म्हणून तीन आठवडे गॅस भरलाच नाही, एका खोलीत विजेचा फॅन हीटर लावून काढले दिवस. तीन आठवड्यांनी वीस पाउंड भरले. त्यातून इमर्जन्सीचे ५ गेले, एकवीस दिवसांचा स्टँडिंग चार्ज साधारण साडेसहा पाउंड गेला, आणि कर्जाचा हप्ता आठवड्याला २ पाउंड प्रमाणे तीन आठवड्यांचे ६ गेले. उरले अडीच पाउंडच्या आत. गॅसचा दर तेव्हा युनिटला सहा पेन्सच्या थोडा वर, म्हणजे अडीच पाउंडमध्ये चाळीसेक युनिट, थंडीत जुन्या टेरेस घराला हे एक दिवस पुरलं तर पुरलं. मीटरने अगदी चोख हिशोब केला होता.

आणि तो फॅन हीटर! स्वस्त पडतो म्हणून लावला होता, कारण विजेच्या मीटरला कर्ज नव्हतं आणि दहा पाउंड भरले की दहा पाउंड दिसायचे. पण दोन किलोवॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, विजेचं युनिट पंचवीस पेन्स, म्हणजे तासाला पन्नास पेन्स. रात्री सहा तास म्हटलं तरी रोजचे तीन पाउंड, आठवड्याचे एकवीस, आणि गरम काय तर एकच खोली. तेवढीच उष्णता गॅसवर बॉयलरचं थोडं वाया जाणं धरूनही एक पाउंडच्या आत आली असती. म्हणजे गॅसवरचा दोन पाउंडचा हप्ता चुकवायला ते आठवड्याला वीस पाउंड विजेत घालत होते, आणि यात मूर्खपणा काहीही नाही बरं का, हातात दहाच पाउंड असले की माणूस जिथे ते दिसतात तिथेच घालणार.

पण कर्ज कोणाचं?

ही खरी गाठ. ते घरात आले त्या दिवशी लँडलॉर्डने एक की आणि एक कार्ड हातात दिलं, म्हणाला कोपऱ्यावरच्या दुकानात टॉपअप करा, झालं. यांनी तसंच केलं. कोणत्या कंपनीचा गॅस, कोणत्या कंपनीची वीज, खातं कोणाच्या नावावर, काहीच माहीत नाही. आणि कोण विचारतो, गॅस येतोय ना मग झालं.

मी तिच्या नवऱ्याला सांगितलं, मीटरसमोर उभा राहा आणि बटण दाबत जा, दर वेळी स्क्रीन बदलेल, प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढ. हे मी प्रत्येक केसमध्ये सगळ्यात आधी करायला लावते. त्याने जिन्याखालच्या कपाटात मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून फोटो काढले आणि पाठवले, त्यातल्या एका स्क्रीनवर कर्जाची बाकी, दीडशे पाउंडच्या थोडी वर, आणि पुढच्या स्क्रीनवर आठवड्याचा हप्ता. हे लोक तीन महिन्यांपूर्वी आलेले, एकदाही बिल आलेलं नाही, मग दीडशे पाउंडचं कर्ज कुठून येणार? आधीच्या भाडेकरूचं. तो गेला, कार्ड घरात राहिलं, कर्ज मीटरमध्ये राहिलं, आणि नवीन माणूस त्याच कार्डाने टॉपअप करत राहिला की मीटर बिचारा कापत राहतो, त्याला काय माहीत माणूस बदलला.

नियम इथे अगदी स्पष्ट आहे, कर्ज ज्याने गॅस वापरला त्याचं, घराचं नाही आणि मीटरचं तर नाहीच. घरात आलात त्या दिवसापासून तुम्ही त्या कंपनीचे ग्राहक, त्याआधीचं तुमच्या डोक्यावर नाही. फक्त ते कंपनीला कळवावं लागतं, आलेली तारीख आणि मीटरचं रीडिंग देऊन, मग नवीन कार्ड किंवा नवीन की मिळते आणि जुनं कर्ज काढून टाकतात. आपण कळवलंच नाही तर कंपनीच्या दृष्टीने अजून जुनाच माणूस राहतोय.

कंपनी शोधायलाही थोडी खटपट झाली. गॅससाठी "फाइंड माय सप्लायर" म्हणून ऑनलाइन सोय आहे, पत्ता टाकला की कंपनी कळते. विजेसाठी त्या भागाच्या वीज नेटवर्कवाल्यांना विचारायचं, मिडलँड्समध्ये ते नॅशनल ग्रिड इलेक्ट्रिसिटी डिस्ट्रिब्युशन. निघालं असं की गॅस एका कंपनीचा आणि वीज दुसऱ्याच, आणि लँडलॉर्डने कधीतरी तोंडी सांगितलेलं नाव विजेच्या कंपनीचं होतं. बायकोने आधी एकदा गॅसबद्दल तिथेच फोन केला होता आणि त्यांनी "तुमचं खातंच नाही" म्हणून ठेवून दिला होता, साहजिक आहे, गॅस त्यांचा नव्हताच.

फोन

गॅस कंपनीला पहिला फोन तिने माझ्यासमोर स्पीकरवर केला. बरीच गाणी ऐकल्यावर माणूस आला, सगळं ऐकून म्हणाला कर्ज मीटरवर आहे त्यामुळे मीटर वापरणाऱ्यालाच भरावं लागेल. साफ चुकीचं. ती लगेच माझ्याकडे बघून "जाऊ द्या ना काकू, भरू आपण हळूहळू" म्हणायला लागली, आपल्या लोकांचं हे नेहमीचं, भांडायचं नाही, व्हिसावर काही आलं तर, कोणाला राग आला तर. मी म्हटलं अगं गॅसचं बिल आणि व्हिसा यांचा काही संबंध नाही, तू फक्त चार वाक्यं बोल: मी अमुक तारखेला राहायला आले, टेनन्सी अग्रीमेंट आहे, हे कर्ज माझं नाही, याची तक्रार म्हणून नोंद करा. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तक्रार म्हणून नोंद झाली की घड्याळ सुरू होतं, आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींवर निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकटात जाता येतं आणि ऑम्बुड्समनचा निर्णय ग्राहकाने मान्य केला की कंपनीला पाळावाच लागतो. हे कंपनीच्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यामुळे सूर बदलतो.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये, म्हणजे जास्त काळजी लागणाऱ्या घरांच्या यादीत, नाव. पाच वर्षांच्या आतलं मूल घरात असलं की नाव घालता येतं, गरोदर असाल, म्हातारं माणूस असेल, आजारपण असेल, इंग्रजी अडत असेल तरी चालतं, पैसे लागत नाहीत आणि व्हिसाचं कोणी विचारत नाही. दुसरं, अ‍ॅडिशनल सपोर्ट क्रेडिट. हे बहुतेकांना माहीतच नसतं. ऑफजेम म्हणजे इथला ऊर्जा नियामक, त्याच्या नियमाप्रमाणे डिसेंबर २०२० पासून कंपन्यांना प्रीपेमेंटवरच्या अडचणीतल्या ग्राहकाला नेहमीच्या इमर्जन्सी क्रेडिटच्या वर असं क्रेडिट द्यावं लागतं, आणि ते परत घेताना माणसाला काय झेपतं ते बघून हप्ता ठरवावा लागतो. फुकट नाही, उधारीच, पण घरात तान्हं बाळ आणि बाहेर शून्य डिग्री असताना ते त्याच दिवशी मिळणं मोलाचं. जुन्या मीटरवर कंपनीला बसल्या जागेवरून पैसे टाकता येत नाहीत, ते पेपॉइंटवर पाठवतात आणि आपण कार्ड घेऊन उचलायचे, ते त्याने संध्याकाळी शिफ्टला जाताना उचलले. निफाडला पारा पाचवर आला की पेपरात दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, त्या भागातला हा माणूस, पण घराच्या आत थंडी असते हे त्याला इथे येऊन कळलं म्हणाला.

टेनन्सी अग्रीमेंटची पहिली दोन पानं आणि मीटरचे फोटो ईमेल केले. काही दिवसांनी दुसऱ्या एका बाईंचा फोन आला, त्या फार नीट बोलल्या, कर्ज काढलं, नवीन कार्ड पाठवलं आणि ऑक्टोबरपासून हप्त्यात कापलेले पैसेही परत दिले. ऑम्बुड्समनपर्यंत जावं लागलं नाही.

आता मदतीचं

इथे मला थोडं थांबून लिहायचंय कारण गैरसमज फार आहेत.

वॉर्म होम डिस्काउंट, विजेच्या बिलात १५० पाउंडची सूट. त्या हिवाळ्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये ती पेन्शन क्रेडिटचा (कमी उत्पन्नाच्या वृद्धांच्या भत्त्याचा) गॅरंटी भाग घेणाऱ्यांना, किंवा ठराविक बेनिफिट्सवर, म्हणजे सरकारी भत्त्यांवर, असून ज्यांच्या घराला ऊर्जेचा खर्च जास्त लागतो असं सरकारी गणित सांगतं त्यांना होती. २०२५-२६ पासून ती घराच्या खर्चाची अट काढली, त्यामुळे आता बेनिफिट घेणारी खूप जास्त घरं आत आलीत. पण दोन अटी तशाच आहेत, बेनिफिट हवं आणि वीज खात्यावर तुमचं किंवा जोडीदाराचं नाव हवं. कोल्ड वेदर पेमेंट, सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा खाली राहिलं तर २५ पाउंड, तेही ठराविक बेनिफिट्सवर. विंटर फ्युएल पेमेंट हे पेन्शनच्या वयाच्या लोकांसाठी, २०२४ मध्ये ते फक्त पेन्शन क्रेडिट किंवा ठराविक बेनिफिट घेणाऱ्यांपुरतं केलं आणि ओरड झाल्यावर २०२५ मध्ये वर्षाला ३५,००० पाउंडपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी परत आणलं.

या कुटुंबाच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" ही अट. म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट नाही, चाइल्ड बेनिफिट नाही, आणि बेनिफिट नाही म्हणून त्याला जोडलेलं वरचं काहीच नाही. टॅक्स भरतात, नॅशनल इन्शुरन्स भरतात, आणि तिचा पगार व्हिसासाठी तेव्हा लागणाऱ्या किमान आकड्याला, वर्षाला २०,९६० पाउंडला, जेमतेम टेकलेला. माझं मत विचाराल तर केअर होममध्ये म्हाताऱ्यांना रात्रभर ऊब देणारी बाई घरी जॅकेट घालून बाळाला पाजते यात काहीतरी फार चुकतंय, पण ते मत झालं, मीटर मतावर चालत नाही.

मग काय उरतं? कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, हाउसहोल्ड सपोर्ट फंड तेव्हा चालू होता, ऑक्टोबर २०२१ पासून सरकार कौन्सिलांना हे पैसे देत होतं आणि प्रत्येक कौन्सिल आपापल्या पद्धतीने वाटायची. पण कौन्सिलकडून मिळणारी काही इमर्जन्सी मदत पब्लिक फंड्सच्या यादीत येते, काही येत नाही, आणि चुकून घेतली तर पुढच्या व्हिसाला त्रास होऊ शकतो. यावर "घ्या, काही होत नाही" असं सांगणारे खूप भेटतील. मी सांगत नाही, आणि कायद्यानेही सांगू शकत नाही, इमिग्रेशनचा सल्ला द्यायला इथे रजिस्टर्ड सल्लागारच लागतो. त्यांना तशा एका फुकट क्लिनिकला पाठवलं, तिथे त्यांच्या कागदांकडे बघून जे सांगितलं ते त्यांनी केलं, ते इथे लिहित नाही कारण दुसऱ्याच्या व्हिसाचा सल्ला आपल्याला लागू करायची सवय आपल्याकडे आहे.

चॅरिटीचे पैसे मात्र पब्लिक फंड्स नाहीत, तिथे व्हिसा आड येत नाही. फ्युएल बँक फाउंडेशन नावाची संस्था खास प्रीपेमेंट मीटरवाल्यांसाठीच आहे, २०१५ पासून चालतं त्यांचं काम. थेट आपण अर्ज करायचा नाही, त्यांच्याशी जोडलेली फूड बँक किंवा सल्ला केंद्र नाव पाठवतं आणि मग मोबाईलवर व्हाउचर येतं, ते पेपॉइंटवर आपल्याच कार्डावर टाकून घ्यायचं. या केसमध्ये ते व्हाउचर मी पहिल्या दिवशीच मागू शकले असते. मुद्दाम थांबले. कारण जुनं कर्ज मीटरवर असताना ते कार्डावर टाकलं असतं तर त्यातला बराच भाग त्या अनोळखी भाडेकरूच्या कर्जात आणि चढलेल्या चार्जमध्ये गेला असता. आधी मीटर साफ, मग व्हाउचर. तोवरची थंडी त्या सपोर्ट क्रेडिटने काढली.

मदत आली तरी मीटरपाशी अडते, याचा मोठा नमुना सगळ्या देशाने २०२२-२३ मध्ये बघितलाय. तेव्हा ऊर्जेचे भाव भडकले म्हणून सरकारने प्रत्येक घराला ४०० पाउंड दिले, ऑक्टोबर ते मार्च सहा हप्त्यांत, आधी दोन महिने ६६ आणि मग चार महिने ६७. डायरेक्ट डेबिटवाल्यांना, म्हणजे ज्यांचं बिल बँकेतून दरमहा आपोआप जातं त्यांना, काही करावं लागलं नाही, आपोआप जमा. जुन्या प्रीपेमेंट मीटरवाल्यांना मात्र पोस्टाने, मेसेजने, ईमेलने व्हाउचर आले, ते घेऊन दुकानात जा, ओळख दाखवा. कितीतरी लोकांनी ती पत्रं जाहिरात समजून टाकली, कितींच्या घरी ती जुन्या भाडेकरूच्या नावाने गेली. ३० जून २०२३ ला मुदत संपली आणि बरेच व्हाउचर वापरलेच गेले नाहीत. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच सगळ्यात जास्त पायऱ्या.

प्रीपे महाग असतं का?

सगळे असं समजतात. पूर्वी खरंही होतं. पण जुलै २०२३ पासून सरकारने तो जादा आकार भरून काढला आणि एप्रिल २०२४ पासून ऑफजेमने स्टँडिंग चार्ज समान करायची पद्धत आणली, त्यामुळे आता प्राइस कॅपखाली (ऑफजेमने ठरवलेल्या दराच्या कमाल मर्यादेखाली) प्रीपेचा दर डायरेक्ट डेबिटपेक्षा वर्षाला चाळीस-पन्नास पाउंडने कमीच पडतो. म्हणजे "आधी डायरेक्ट डेबिटवर जा" हा ग्रुपवरचा पेटंट सल्ला नुसत्या दरासाठी देण्यात अर्थ नाही. त्रास दराचा नाही, लयीचा आहे. डायरेक्ट डेबिटवर उन्हाळ्यात थोडं जास्त भरलं जातं आणि ते हिवाळ्यात कामी येतं, प्रीपेवर हिवाळ्याचा सगळा भार हिवाळ्यातच येतो, आणि पैसे संपले की कोणाला न कळता घर बंद पडतं. बिलवाल्याचं कनेक्शन तोडायला कंपनीला नोटिसा द्याव्या लागतात, इथे माणूस स्वतःच स्वतःचं तोडून घेतो आणि कुठेच त्याची तक्रार होत नाही.

म्हणूनच जबरदस्तीने हे मीटर बसवण्यावरून २०२३ मध्ये एवढं वादळ झालं, एजंट कोर्टाचं वॉरंट घेऊन लहान मुलं आणि आजारी माणसं असलेल्या घरांत घुसत होते ते फेब्रुवारीत पेपरात आलं, मग ते काम थांबवलं आणि नोव्हेंबरपासून नियम कडक झाले, आता आधी निदान दहा वेळा संपर्क, घरी जाऊन पाहणी, आणि दोन वर्षांच्या आतलं मूल किंवा ७५ च्या वरची एकटी व्यक्ती अशा घरांत जबरदस्ती चालत नाही. आपल्याकडे महावितरणच्या स्मार्ट प्रीपेड मीटरवरून लोक चिडले आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना ते बसवणार नाही असं सरकारने जाहीर केलं, तेव्हा इथे आमच्यातले काही जण हसले होते की रिचार्जला कसली भीती. भीती कशाची ते या केसमध्ये आहे.

या कुटुंबाला तरीही क्रेडिट मीटर, म्हणजे आधी वापरून मग बिल भरायचा मीटर, हवा होता, महिन्याचा पगार आला की ठरलेली रक्कम गेली, डोक्याला ताप नको म्हणून. भाडेकरूला ते मागता येतं, बिल तो भरत असेल तर कंपनीही बदलता येते, लँडलॉर्डला कळवायचं आणि करार संपताना तो म्हणाला तर जुनं परत करून द्यायचं. पण कंपनी क्रेडिट चेक करते, आणि इथे येऊन दीड वर्ष झालेल्या माणसाचा इतिहासच नसतो, नाही मिळाला. मग स्मार्ट मीटर प्रीपे मोडमध्ये बसवला. तो फरक बराच जाणवला त्यांना, मोबाईलवरून टॉपअप, रात्री आणि वीकएंडला क्रेडिट संपलं तरी सप्लाय बंद न होण्याची सोय, आणि बाळाला घेऊन पावसात दुकानापर्यंत जाणं संपलं. जुन्या मीटरवरही ती रात्रीची सोय असते, पण ती संपण्याआधी कार्ड घेऊन धावावं लागतंच.

भिंत

यावर कमी लिहिते, कारण हे अजून पूर्ण सुटलेलं नाही. तीन आठवडे हीटिंग बंद, एका खोलीत फॅन हीटर, कपडे आतच वाळत, स्वयंपाकाची वाफ, आणि खिडक्या उघडायच्या नाहीत कारण थंडी, मग मागच्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर काळी बुरशी चढली. लँडलॉर्डचं म्हणणं, तुम्ही हीटिंग लावत नाही म्हणून. अर्धं खरं होतं ते आणि म्हणूनच जास्त चीड येते. २०२० मध्ये रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला, तेव्हाही आई-बापाच्या राहणीकडेच बोट दाखवलं गेलं होतं. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला पण आधी सोशल हाउसिंगला, खाजगी भाड्याच्या घरांना तो पुढे लावायचाय.

ते लेखी तक्रार करायला घाबरत होते, घर खाली करायला लावतील म्हणून, आणि भीती खोटी नव्हती, कारण तेव्हा कारण न देता घर रिकामं करायला लावणारी सेक्शन २१ ची नोटीस चालायची. त्यावर एक कमी माहीत असलेलं संरक्षण होतं, कौन्सिलने पाहणी करून लँडलॉर्डला सुधारणेची नोटीस दिली की पुढचे सहा महिने सेक्शन २१ चालत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवला, आधी लँडलॉर्डला फोटोंसकट लेखी ईमेल, मग कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थला. पाहणी झाली. बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन बसला, भिंत धुऊन रंगवली, खिडकीची सडलेली चौकट मात्र अजून तशीच आहे, "मटेरियल यायचंय" असं उत्तर आहे.

पैशाचं म्हणाल तर आता थंडीत आठवड्याला गॅस आणि वीज मिळून तिशीच्या आसपास जातात, सपोर्ट क्रेडिटचा छोटा हप्ता त्यातच. तिशी त्यांना जडच आहे. पण भरलेल्या तीस पाउंडपैकी स्टँडिंग चार्ज सोडून जवळजवळ सगळं घरात जळतं. फॅन हीटर त्यांनी ठेवलाय, बाळाच्या अंघोळीपुरता वीस मिनिटं लावतात, आणि विजेच्या कंपनीकडेही खातं त्यांच्या नावावर करून घेतलंय, ते काम मी त्यांच्या मागे लागून करून घेतलं, कारण उद्या व्हिसा बदलला, पर्मनंट रेसिडन्सी मिळाली आणि बेनिफिटचा हक्क आला तर त्या १५० पाउंडसाठी पहिला प्रश्न हाच येणार की खातं कोणाच्या नावावर आहे.